पांढऱ्या गळ्याचा, शेपटी उभारणारा हा माशीमार कोणता?

काजवा | १२ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, एका पक्ष्याने डोकं खाल्लंय. जाणकारांनी मदत करावी.

जागा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचं निमसदाहरित जंगल, ओढ्याची बाजू. नेमकं ठिकाण मुद्दाम देत नाही, जवळच दुसऱ्या एका पक्ष्याची ढोली आहे आणि तिथे गर्दी नको.

आकार चिमणीपेक्षा बराच लहान. पाठ मातकट तपकिरी, पोट मळकट पांढरं, छातीवर अगदी हलकी बदामी झाक. गळा पांढरा, केशरीचा मागमूस नाही. डोळा मोठा, काळाभोर, भोवती फिकं कडं. पंख जरा खाली सोडून बसतो आणि शेपटी झटक्याने वर उचलतो, मग सावकाश खाली आणतो. शेपटी काळपट, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, शेपटी पसरली की एकदम उठून दिसतात. बसायची जागा माणसाच्या उंचीच्या आसपास. मधूनच जमिनीवर उतरून काहीतरी टिपतो आणि परत वर.

फोटो चार आहेत. १ समोरून, २ बाजूने, ३ मागून (उन्हाच्या कवडशात), ४ मागून (सावलीत).

गंमत अशी की मर्लिनला (पक्षी ओळखणारं ॲप) फोटो १ दिला तर ते 'लाल छातीचा माशीमार' म्हणतं आणि फोटो ४ दिला तर 'टायगा माशीमार'. पक्षी तोच, फांदीही तीच!

हुप्प्या | १२ जानेवारी, रात्री ९:५८

एका पक्ष्याला दोन नावं मिळाली, आणखी काय हवं. फोटो २ झकास. (जागा राखतो, जाणकार आले की वाचायला परत येईन.)

नदीकाठ | १२ जानेवारी, रात्री १०:२०

मला तपकिरी माशीमार वाटतोय. मोठा डोळा, पांढरं कडं, चोचीचा खालचा भाग फिकट, पाठ तपकिरी. हिवाळ्यात जंगलात सगळीकडे असतो. मर्लिनच्या नादी लागू नका.

पानगळ | १२ जानेवारी, रात्री ११:०५

नदीकाठ, डोळ्याचं कडं बरोबर टिपलंत, पण तपकिरी माशीमाराच्या शेपटीत पांढरं कुठेच नसतं. इथे फोटो २ मध्ये शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा स्पष्ट आहे. शिवाय बसण्याची ढब बघा. तपकिरी माशीमार उघड्या काटकीवर ताठ बसतो, हवेत झेप घेऊन माशी पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच काटकीवर परत येतो. शेपटी अशी पाठीच्या वर उभारणं हा त्याचा स्वभाव नाही.

तपकिरी छातीचा माशीमार मनात आला असेल तर तोही नाही. तो ईशान्य भारत आणि त्यापलीकडून हिवाळ्यात आपल्या घाटात येतो, पण त्याचे पाय फिकट मांसल रंगाचे असतात आणि शेपटीत पांढरं नसतं. काजवांच्या पक्ष्याचे पाय काळे आहेत.

बुडाशी पांढऱ्या पट्ट्यांची काळी शेपटी आणि ती उभारायची सवय एकत्र दिसली की आपल्याकडे तीनच नावं टेबलावर राहतात. लाल छातीचा माशीमार, टायगा माशीमार आणि काश्मीर माशीमार. तिघेही जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचे, वजन १० ग्रॅमच्या आगेमागे.

काश्मीर माशीमार काश्मीर आणि लगतच्या वायव्य हिमालयात घरटी करतो, हिवाळ्यात श्रीलंकेच्या आणि दक्षिण घाटाच्या डोंगरांत जातो. त्याच्या नराच्या तांबड्या गळा-छातीला दोन्ही बाजूंनी काळी किनार असते. मादीच्याही गळ्या-छातीवर पुष्कळदा तांबूस छटा असते. या पक्ष्यात तसलं काही नाही, म्हणून त्याला सध्या बाजूला ठेवू.

उरले दोघे, आणि खरी डोकेदुखी तीच आहे. सविस्तर उद्या लिहितो, मोबाइलवर टंकायचा कंटाळा आलाय.

धनेश | १३ जानेवारी, सकाळी ७:३०

एवढा कीस पाडायची गरज नाही. पश्चिम भारतात हिवाळ्यात दिसला म्हणजे लाल छातीचाच. टायगा पूर्वेकडे, बंगाल, ईशान्य भारत आणि तिथून आग्नेय आशियात. नकाशा उघडा, विषय संपला.

पानगळ | १३ जानेवारी, सकाळी ९:१२

धनेशभाऊ, नकाशाने शक्यता कळते, पक्षी नाही. पण नकाशा समजून घेणं महत्त्वाचं आहेच, म्हणून तिथूनच सुरू करतो.

लाल छातीचा माशीमार पूर्व आणि मध्य युरोपपासून उरल पर्वताच्या आसपासपर्यंतच्या जंगलांत घरटी करतो. युरोपातले बहुतेक स्थलांतरी गाणारे पक्षी हिवाळ्यात आफ्रिका गाठतात. हा पठ्ठ्या उलट आग्नेयेला वळतो आणि पाकिस्तान, भारतात येऊन उतरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, मार्च-एप्रिलमध्ये परत जातो. टायगा माशीमार उरलच्या पूर्वेकडून थेट कामचाटकापर्यंत सैबेरियाच्या जंगलांत घरटी करतो. त्याची हिवाळ्याची मुख्य ठिकाणं आग्नेय आशिया, दक्षिण चीन, ईशान्य आणि पूर्व भारत. म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी येणारे पक्षी भारतात एकमेकांच्या शेजारी उतरतात. मध्ये कुंपण नाही. टायगाच्या तुरळक नोंदी द्वीपकल्पात दूरपर्यंत आहेत.

दुसरं असं की बराच काळ टायगाला स्वतंत्र जात मानतच नव्हते, लाल छातीच्या माशीमाराची एक उपजात म्हणून तो पुस्तकात असायचा. २००० नंतर बहुतेक याद्यांनी दोघांना वेगळं केलं. त्याआधीच्या वह्यांत आणि याद्यांत 'लाल छातीचा' असं एकच नाव आहे, त्यातले पूर्वेचे किती आणि पश्चिमेचे किती हे आता कोण सांगणार? त्यामुळे जुन्या नोंदींवर रंगवलेल्या नकाशावर फार भिस्त ठेवू नये.

आता रंगांकडे.

सगळ्यांची नजर आधी गळ्यावर जाते, आणि जानेवारीत गळा सगळ्यात कमी उपयोगाचा. लाल छातीच्या प्रौढ नराचा केशरी गळा वर्षभर टिकतो. पण त्याचा तरुण नर पहिल्या वर्षी मादीसारखाच दिसतो, एवढंच काय, पुढच्या उन्हाळ्यात त्या मातकट वेशातच घरटंही करतो. टायगाचं वेगळंच. त्याचा प्रौढ नर विणीनंतर केशरी गळा टाकून देतो, हिवाळाभर पांढऱ्या गळ्याने वावरतो आणि परतीच्या आधी, हिवाळा सरता सरता, पुन्हा केशरी होतो. त्याच्या तरुण नरालाही पहिल्याच वसंतात केशरी गळा येतो.

थोडक्यात, भर हिवाळ्यात मोठा केशरी गळा दिसला तर लाल छातीचा, हे बऱ्यापैकी धरून चाला. पांढरा गळा दिसला तर त्यातून काही सिद्ध होत नाही. लाल छातीची मादी, तिचं त्याच वर्षीचं पिल्लू, टायगाची मादी, टायगाचा नर, कोणीही असू शकतं.

तेव्हा गळा सोडा आणि पक्ष्याच्या मागे जा. शेपटी जिथे पाठीला जोडते तिथे वरून झाकणारी जी पिसं असतात, ज्यांना अपरटेल कव्हर्ट्स म्हणतात, ती टायगामध्ये कुळकुळीत काळी असतात, शेपटीइतकी किंवा शेपटीहूनही काळी. लाल छातीच्या माशीमारात ती तपकिरी ते काळपट तपकिरी असतात, शेपटीहून काळी नसतात. हे ओळखचिन्ह नर-मादी, तरुण-प्रौढ, उन्हाळा-हिवाळा सगळीकडे चालतं, म्हणून त्याचं मोल जास्त.

त्यानंतर चोच. टायगाची चोच जवळजवळ पूर्ण काळी. लाल छातीच्याची खालची चोच बुडाशी फिकट, पिवळसर किंवा मांसल.

पोटाचा रंग ही तिसरी गोष्ट, पण कमी भरवशाची. लाल छातीचा खालून उबदार बदामी वाटतो, टायगा थंड करडा-पांढरा आणि त्यावर गळ्याचा पांढरा वेगळा उठून दिसतो.

काजवा, फोटो ३ आणि ४ मोठ्या आकारात टाकाल का? कापू नका, मूळ फाइल द्या.

शेवरी | १३ जानेवारी, सकाळी १०:४०

पानगळ, दंडवत! वाचनखूण साठवली. इतकी वर्षं मी केशरी गळा दिसला की एक नाव आणि नाही दिसला की 'मादी' असं लिहून मोकळी होत होते.

काजवा | १३ जानेवारी, दुपारी १:१५

फोटो ३ आणि ४ मूळ आकारात वर जोडलेत. आणि इथेच घोळ आहे. ३ मध्ये ती पिसं तपकिरी दिसतात. ४ मध्ये काळी ठिक्कर. म्हणून तर मर्लिन गोंधळलं असणार.

हुप्प्या | १३ जानेवारी, दुपारी १:२२

पक्षी उन्हात एक, सावलीत दुसरा. सरळ सरळ पाठिंबा बदलणारा आमदार निघाला हा.

निवांत | १३ जानेवारी, दुपारी ३:०५

फोटोंबद्दल मी बोलतो, पक्ष्यांबद्दल पानगळ आहेतच.

फोटो ४ बघा. मागची पानं लख्ख उजेडात आहेत, म्हणजे कॅमेऱ्याने पार्श्वभूमीच्या उजेडावर प्रकाशमापन केलंय आणि पक्षी अंधारात बुडालाय. त्यात भर म्हणजे जेपेग, कॅमेऱ्याने आवळून लहान केलेली फाइल. कॅमेऱ्यातल्या जेपेगमध्ये गडद भाग आणखी दाबला जातो, त्यात गडद तपकिरी आणि काळा यांतला फरक पहिल्यांदा मरतो. याच फोटोत पाय, डोळा, शेपटी आणि ती पिसं सगळं एकाच काळ्यात विरघळलंय. ज्या फोटोत डोळ्यातली चमकही हरवली आहे त्या फोटोतल्या काळ्यावर विश्वास ठेवू नये.

फोटो ३ मध्ये उलट भानगड. कवडसा थेट पाठीवर पडलाय, पिसांना चकाकी आलीय. थेट उन्हात काळं पीसही तपकिरी भासतं. म्हणजे हा फोटोही लाल छातीच्या बाजूने पुरावा नाही.

म्हणून रंग 'काळा आहे का' असा बघूच नका. एकाच फोटोत, एकाच प्रकाशात, शेजारी असलेल्या दोन गोष्टींची तुलना करा. इथे त्या पिसांच्या शेजारी आयती शेपटी आहेच. मी फोटो ४ मधला गडद भाग उचलून पाहिला. जेपेग असल्याने फार काही हाती लागत नाही, पण शेपटीचं मधलं पीस त्या पिसांपेक्षा किंचित गडद वाटतं. 'वाटतं' इतकंच म्हणेन.

काजवा, रॉ फाइल (कॅमेऱ्याने न आवळलेला मूळ फोटो) आहे का?

काजवा | १३ जानेवारी, दुपारी ३:३०

रॉ नाही. कार्डात जागा कमी म्हणून फक्त जेपेग ठेवतो.

निवांत | १३ जानेवारी, दुपारी ३:३४

जागा कमी असेल तर फोटो कमी काढा, पण रॉ काढा. पाखराच्या पाठीमागे उजळ आकाश किंवा पानं असतील तेव्हा एक-दीड स्टॉप प्रकाश वाढवून घ्या. पार्श्वभूमी जळली तरी चालेल, आपल्याला कॅलेंडर छापायचं नाहीये.

पानगळ | १३ जानेवारी, रात्री ९:५०

निवांत यांच्याशी शंभर टक्के सहमत. शेपटीशी तुलना हीच खरी कसोटी आहे, कारण लाल छातीच्या प्रौढ नरातसुद्धा ही पिसं इतकी गडद असू शकतात की सुटी बघितली तर माणूस काळी म्हणेल.

एक अडचण आणखी. पक्षी पंख मिटून नीट बसला की पंखांची टोकं नेमकी त्याच जागेवर येतात आणि हा भाग झाकला जातो. पंख खाली सोडून शेपटी उभारतो तो क्षण पकडायचा. हे पक्षी ते वारंवार करतात, त्यामुळे धीर धरला तर जमतं.

आता चोच. फोटो १ समोरून आहे, त्यात चोच टोकाकडून दिसते, निरुपयोगी. फोटो २ मध्ये मात्र बाजूने आहे आणि खालच्या चोचीचं बूड फिकट दिसतंय. प्रकाशही मवाळ आहे, चकाकी नाही. डोळ्यातली चमक शाबूत आहे (निवांतांची अट पूर्ण!). छातीची बदामी झाकही त्याच बाजूला झुकते.

अजून एक, पंखांकडे बघा. मोठ्या पिसांच्या टोकांना आणि पाठीजवळच्या पिसांच्या टोकांवर फिकट बदामी ठिपके आहेत. म्हणजे हा गेल्याच उन्हाळ्यात जन्मलेला पक्षी आहे. नर की मादी हे या वयात फोटोवरून सांगता येणार नाही.

माझं मत सध्या असं: लाल छातीचा माशीमार, पहिल्या हिवाळ्यातला, पण नाव पक्कं करण्याआधी आवाज हवा.

धनेश | १३ जानेवारी, रात्री १०:१५

म्हणजे शेवटी मी म्हटलं तेच. :)

पानगळ | १३ जानेवारी, रात्री १०:१९

उत्तर तेच येईलही. नकाशावरून आलेलं आणि चोचीवरून आलेलं यात फरक आहे, कारण टायगा आलाच असता तर तुमच्या पद्धतीने तो कधीच सापडला नसता.

मुळाक्षर | १४ जानेवारी, सकाळी ६:५०

आवाजाचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

हे दोघेही हिवाळ्यात बोलतात, भरपूर बोलतात. विणीचं गाणं ऐकायला मिळणार नाही, पण कोरडी, खरखरीत अशी एक 'टर्रर्र' दोघांचीही असते. जंगलात अर्ध्या वेळा पक्षी आधी ऐकू येतो आणि मग शेपटी दिसते. फरक आहे गतीत. लाल छातीच्याची टर्रर्र संथ असते, तिच्यातले सुटे ठोके कानाला कळतात, सायकलचं मागचं चाक उलटं फिरवल्यावर होणारी टकटक असते तशी. टायगाची फार जलद आणि कोरडी असते, ठोके एकमेकांत मिसळून जातात, कान कितीही तयार असला तरी ते सुटे ऐकू येत नाहीत.

पहिल्यांदा ऐकताना दोन्ही सारखेच वाटतील, कारण तुलनेला दुसरा आवाज समोर नसतो. म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करा. मोबाइलचा माइक पुरतो, फक्त हातात धरून चालू नका, कपड्यांचा आवाज येतो. घरी आल्यावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, बघा. ठोके उभ्या रेघा म्हणून दिसतात. मग झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरून दोन्ही जातींची काही रेकॉर्डिंग उतरवून त्याच मापात शेजारी लावा. एका नजरेत कळतं कोणाच्या रेघा दाट आणि कोणाच्या विरळ.

अवांतर: आवाजावरून जाती सुट्या करण्याची ही खोड जुनी आहे. इंग्लंडमध्ये निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ सालच्या पत्रात लिहून ठेवलंय की एकच समजल्या जाणाऱ्या छोट्या वटवट्या पक्ष्यांच्या खरं तर तीन जाती आहेत. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या त्या मुख्यतः गाण्यावरून. तेव्हा ना आजच्यासारखी पक्षी बघायची दुर्बीण ना रेकॉर्डर.

नदीकाठ | १४ जानेवारी, सकाळी ८:०५

आवाज वाजवून बोलवायचं का त्याला? लगेच उत्तर मिळेल.

मुळाक्षर | १४ जानेवारी, सकाळी ८:११

नको. हिवाळ्यात हे पक्षी आपापला तुकडा राखून असतात. खोटा प्रतिस्पर्धी ऐकवला की खायचं सोडून त्याला शोधत बसतात. शिवाय बऱ्याच अभयारण्यांत ते चालतही नाही. आणि मुळात गरजच नाही, हा पक्षी सकाळ-संध्याकाळ आपणहून बडबडतो. जिथे दिसला तिथेच पुन्हा जा, जागा सहसा सोडत नाही.

हुप्प्या | १४ जानेवारी, सकाळी ९:००

माझा दुसऱ्या हिवाळी पाहुण्यांबद्दल प्रश्न आहे, ते हिरवे वटवटे ओळखायची काही सोपी युक्ती?

पानगळ | १४ जानेवारी, सकाळी ९:२०

नाही.

(वेगळा धागा काढा. इथे आणलेत तर हा माशीमार चैत्रापर्यंत बिननावाचा राहील.)

शेवरी | १५ जानेवारी, रात्री ८:३५

पानगळ यांचा गळ्याबद्दलचा प्रतिसाद वाचून जुने फोटो उपसत बसले. एक खाली जोडते. विदर्भाच्या पूर्व टोकाचं जंगल, एप्रिलचा पहिला आठवडा, काही वर्षांपूर्वीचा. मी तेव्हा 'लाल छातीचा माशीमार, नर' म्हणून नोंदवला होता. केशरी गळा होताच, त्यामुळे शंका घ्यावीशी वाटली नाही. आता बघताना केशरी भाग मला फार लहान वाटतोय, आणि त्याच्याखाली छातीवर करडं काहीतरी आहे. प्रकाशाचा खेळ आहे का?

निवांत | १५ जानेवारी, रात्री ९:०२

प्रकाश उत्तम आहे, सगळीकडून सारखा. तो करडा खरा आहे.

पानगळ | १५ जानेवारी, रात्री ९:४०

शेवरीताई, बसून वाचा.

लाल छातीच्या प्रौढ नरात केशरी रंग गळ्यावरून छातीवर उतरतो आणि खाली पांढुरक्या पोटात विरत जातो. मध्ये करडा पट्टा येत नाही. टायगाच्या नरात केशरी फक्त गळ्यापुरता, आणि त्याला गालांपासून छातीपर्यंत करड्या रंगाने वेढलेलं. तुमच्या फोटोत नेमकं तेच आहे. केशरी तुकडा छातीच्या वरच संपतो आणि खाली करडा पट्टा आडवा गेलाय. चोच पूर्ण काळी दिसते. पक्षी तीन-चतुर्थांश वळलेला आहे, त्यामुळे शेपटीच्या बुडाचा कोपरा दिसतो, आणि तिथे शेपटीपेक्षा उजळ असं काही नाही.

हा टायगाचा नर आहे. तारीखही जुळते, एप्रिलपर्यंत त्याचा गळा केशरी झालेला असतो आणि तो परतीच्या वाटेवर असतो. पूर्व विदर्भ त्याच्या नेहमीच्या भागापासून फार दूरही नाही.

धनेशभाऊ, नकाशा उघडा. :)

धनेश | १५ जानेवारी, रात्री १०:०१

उघडला. पूर्व विदर्भ म्हणजे पूर्वच. माझं विधान पश्चिमेबद्दल होतं.

फोटो मात्र अफलातून आहे, ताई.

हुप्प्या | १५ जानेवारी, रात्री १०:०५

धनेशभाऊंनी शेपटी न उचलता सुटका करून घेतली, नोंद घ्यावी.

शेवरी | १५ जानेवारी, रात्री १०:३०

काय सांगता! आता ई-बर्डवरची (पक्षी-नोंदींचं संकेतस्थळ) ती यादी कशी बदलायची? इतकी जुनी यादी बदलू देतात?

मुळाक्षर | १५ जानेवारी, रात्री १०:५२

देतात, कितीही जुनी असली तरी. यादी उघडून जात बदला, फोटो जोडा, टिपणात ओळख कशावरून ठरवली ते दोन ओळींत लिहा. तुमच्या भागात ती जात दुर्मिळ म्हणून लागली असेल तर परीक्षक विचारतील, तेव्हा ते टिपण कामाला येतं.

आणि सगळ्यांसाठीच, ई-बर्डवर 'लाल छातीचा/टायगा माशीमार' असा तिरप्या रेघेचा जोडपर्यायही असतो. मागची बाजू दिसली नाही, आवाज ऐकला नाही, गळा पांढरा, तर तोच निवडा. त्यात कमीपणा काही नाही. पक्षी मोजला जातो आणि नकाशावर चुकीचा ठिपकाही पडत नाही.

नदीकाठ | १६ जानेवारी, सकाळी ७:४५

हे माहीत नव्हतं. माझ्या याद्यांत अशा पांढऱ्या गळ्याच्या बऱ्याच 'माद्या' आहेत, त्यांची रवानगी तिरप्या रेघेत करतो.

काजवा | १९ जानेवारी, रात्री ८:१०

आज पुन्हा गेलो होतो. मुळाक्षर म्हणाले तसंच, त्याच ओढ्यावर, त्याच वळणावर हजर. सूर्य झाडांवर येण्याआधी एकसारखा टर्रर्र करत होता. मोबाइल दगडावर ठेवून लांब जाऊन बसलो. रेकॉर्डिंग आणि स्पेक्ट्रोग्रामचं चित्र दोन्ही जोडलंय. झेनो-कँटोवरचे दोन्ही नमुने वर-खाली लावलेत, माझा मध्ये आहे.

मला तरी ठोके मोजता येण्याइतके सुटे ऐकू येतात. रेघा वरच्या नमुन्याशी (लाल छातीचा) जुळतात, खालच्यात फार दाट आहेत.

शिवाय ढगाळ उजेडात मागून एक फोटो मिळाला, शेपटी उभारलेली, पंख सोडलेले. रॉ आहे! (निवांतांच्या धाकाने.)

निवांत | १९ जानेवारी, रात्री ८:३०

याला म्हणतात फोटो. शेपटी काळी, तिच्या मुळावरची पिसं गडद तपकिरी, मधली सीमारेषा स्पष्ट. काहीही उचलायची, दाबायची गरज नाही.

मुळाक्षर | १९ जानेवारी, रात्री ८:५५

रेकॉर्डिंग ऐकलं. संथ टर्रर्र, ठोके सुटे. लाल छातीचा. मागे सुभगाची शीळ आणि दयाळही छान आलेत. हे रेकॉर्डिंग यादीला नक्की जोडा, दोघांच्या हिवाळी आवाजांचे जितके नमुने जमतील तितके हवेत.

पानगळ | १९ जानेवारी, रात्री ९:२०

चोच, पिसं आणि आवाज तिन्ही एकाच बाजूला. लाल छातीचा माशीमार, पहिल्या हिवाळ्यातला. माझ्याकडून शंका संपली.

एक विनंती. मार्चअखेरपर्यंत अधूनमधून बघत राहा. टायगाचा तरुण नर असता तर परतीपूर्वी गळा केशरी व्हायला लागला असता. हा जाईपर्यंत पांढराच राहायला हवा. राहिला तर आणखी एक दुजोरा. नाही राहिला तर इथेच येऊन सांगा, मग पहिल्यापासून वाद घालू.

काजवा | १९ जानेवारी, रात्री ९:३२

नक्की. यादीत नाव आणि रेकॉर्डिंग टाकलं. फोटोंपैकी कोणता जोडू? फोटो २ दिसायला सगळ्यात सुंदर आहे.

शेवरी | १९ जानेवारी, रात्री ९:४०

मलाही हेच विचारायचं होतं. माझा तो एप्रिलचा फोटो मी जवळून कापून टाकलाय, चालेल ना?

पानगळ | १९ जानेवारी, रात्री ९:५५

काजवा, फोटो २ चोचीसाठी आणि आजचा मागचा पिसांसाठी, दोन्ही जोडा. समोरचा नाही टाकलात तरी चालेल.

शेवरीताई, कापलेला ठेवा, पण सोबत मूळही टाका, कॅमेऱ्याच्या तारखेसकट. तुमच्या नोंदीत गळ्याइतकीच तारीख महत्त्वाची आहे.